बाजारातून येणारी भाषा : चिनी बोलण्याचे पहिले धडे

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात नेहमी केले जातात. घाट उतरून खाली आले की डोंगराच्या अगदी पायथ्याशी रोहिणखेड लागते. आज हे एक साधे शेतकऱ्यांचे गाव असले, तरी इतिहासात त्याचे नाव ठळकपणे नोंदलेले आहे. खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली मशीद येथे आहे. १५९० साली बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांच्यात निर्णायक लढाई झाली, तीही रोहिणखेडलाच. दक्षिणेतून खानदेशाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या फौजा, व्यापारी आणि कारभारी यांनी ह्या परिसरात अनेक भाषांचे बोल आणले. दरबारची फारसी होती, छावणीची दखनी होती आणि शेतावरची वऱ्हाडी तर होतीच.

त्या काळच्या फौजा गेल्या, पण त्यांचे शब्द राहिले. 'बाजार', 'दुकान', 'तराजू', 'किंमत', 'हिशेब' हे शब्द आपण आज परके मानीत नाही. ते आपल्या पूर्वजांनी कोणत्याही शाळेत बसून पाठ केले नव्हते. देवघेव करताना कानावर पडले, तोंडी बसले आणि घरचे झाले. नवी भाषा माणसाकडे येते ती बहुधा बाजाराच्या वाटेने, हा धडा रोहिणखेडच्या भूमीत असा मुरलेला आहे.

ह्या धड्याची आठवण होण्यास एक प्रसंग निमित्त झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये गेलेला येथील एक तरुण सुटीत गावी आला असता त्याची गाठ पडली. तिकडच्या पहिल्या हिवाळ्याची हकीकत त्याने सांगितली. वर्गातील चिनी भाषेच्या परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले होते. एके संध्याकाळी खोलीवर वरण शिजत असताना मीठ संपल्याचे लक्षात आले. तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि पुस्तकात शिकलेला मिठाचा शब्द त्याने उच्चारला. दुकानदाराने सिगारेटचे पाकीट पुढे ठेवले. त्याने शब्द पुन्हा सांगितला, तेव्हा दुकानदाराने दुसऱ्या छापाचे पाकीट काढले. शेवटी मीठ न घेताच तो परतला आणि ते वरण त्याने अळणीच खाल्ले.

"मिठाचे काही वाटले नाही," तो म्हणाला, "पण मला एकच भीती वाटली. उद्या रुग्ण माझ्यासमोर बसेल, कुठे दुखते ते सांगेल, आणि मला भलतेच ऐकू येईल."

ही भीती निराधार नव्हती. चीनमधील अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून मिळते, परंतु रुग्णालयातील खाटेवरचा रुग्ण इंग्रजी बोलत नाही. रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षणासाठी चिनी भाषा शिकणे आवश्यक आहे, ही गोष्ट बीजिंग येथील भारतीय दूतावासानेही २०२२ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनापत्रात स्पष्ट केली होती. तेव्हा आमच्या ज्या तरुणांना शिक्षण, व्यापार वा नोकरीनिमित्त तिकडे जावयाचे आहे, त्यांना ह्या भाषेचा आरंभ नित्यव्यवहारातून कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सोलापूरच्या डॉक्टरांचा कित्ता

ह्या बाबतीत मराठी माणसापुढे एक थोर उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या ह्या पथकात पाच डॉक्टर होते. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. कोटणिसांव्यतिरिक्त नागपूरचे डॉ. चोळकर, तसेच डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे इतर सदस्य होत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात गेले आणि १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ह्या तरुणाला चीनमध्ये उतरताना चिनी भाषा अवगत नव्हती. काही वर्षांतच ते त्या भाषेत रुग्णांशी बोलू लागले, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्राची व्याख्याने देऊ लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाचे लेखनही करू लागले. रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव 'यिनह्वा' ठेवण्यात आले. त्यातील 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणिसांचे निधन झाले. हाती घेतलेले पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

युद्धभूमीवर भाषा शिकण्यास स्वतंत्र सवड कोठून मिळणार? जखमी सैनिक, परिचारिका आणि विद्यार्थी यांच्याशी रोज पडणारे काम हीच तेथील मोठी शाळा. आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्याइतकी कठीण परिस्थिती नाही, सवड मात्र अधिक आहे. त्याने हा कित्ता गिरविणे अशक्य मानू नये.

मराठी कानाचे भांडवल

चिनी भाषा फार अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. लिपीपुरता तो बराचसा खरा आहे. बोलण्याच्या बाबतीत मात्र मराठी माणसाकडे असे काही भांडवल असते, की ज्याची त्याला स्वतःलाच कल्पना नसते.

चीनने १९५८ साली रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याची 'फिनयिन' पद्धत स्वीकारली. सर्व पाठ्यपुस्तके तीच वापरतात. ती अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचली की घोटाळा होतो. प्रमाण चिनीत आपल्यासारखे ब, द, ग हे घोष स्पर्श नाहीत. तेथे भेद आहे तो प आणि प्ह, त आणि थ, क आणि ख यांचा, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांचा. फिनयिनमध्ये जेथे 'बी' हे रोमन अक्षर लिहिलेले असते, तेथे उच्चार आपल्या 'प'जवळचा असतो. 'डी' असेल तेथे 'त' आणि 'जी' असेल तेथे 'क'. ज्या शहराला आपण बीजिंग म्हणतो, त्याचा तेथील उच्चार 'पेइचिंग' असा ऐकू येतो. इंग्रज विद्यार्थ्याला हा अल्पप्राण-महाप्राण भेद कष्टाने शिकावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबर शिकलेलो असतो.

दुसरी सोय आपल्या दोन 'च'कारांची. 'चिंच' आणि 'चार' यांतील तालव्य च वेगळा आणि 'चूल' व 'चाक' यांतील दंत्य च वेगळा. चिनीतही हे दोन्ही ध्वनी स्वतंत्र आहेत. तिसरी सोय मूर्धन्य वर्णांची. ट, ठ, ळ म्हणताना जीभ मागे वळविण्याची सवय आपल्याला असते. चिनीतील मूर्धन्य च, छ, श आणि र साधण्यास तीच सवय उपयोगी पडते. म्हणून विद्यार्थ्याने पहिले काही महिने आपली वही देवनागरीत ठेवावी, मात्र तिचा ताळा रोज तेथील माणसाच्या उच्चाराशी घ्यावा. कारण 'त्स'चा महाप्राण किंवा ओठ गोल करून म्हटलेली 'ई' असे काही ध्वनी देवनागरीतही मावत नाहीत.

चार सूर

आता मिठाचे रहस्य. चिनी भाषेत प्रत्येक अक्षराला सूर असतो. प्रमाण भाषेत असे चार सूर आहेत, शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार आहे. पहिला सूर पेटीची वरची पट्टी दाबून धरावी तसा उंच आणि सपाट. दुसरा खालून वर चढणारा, आपण आश्चर्याने 'काय?' असे विचारतो तसा. तिसरा खाली दबणारा आणि शेवटी किंचित उचलला जाणारा, शंका घेत 'अस्सं' म्हणावे तसा. चौथा वरून खाली झटक्याने येणारा, मुलाला दटावून 'बस!' म्हणतो तसा.

'मा' हे एकच अक्षर पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागावणे असे अर्थ देते. 'माइ' तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि चौथ्या सुरात विकणे. 'थांग' पहिल्या सुरात रसा किंवा सूप, दुसऱ्यात साखर. 'येन' दुसऱ्या सुरात म्हटले तर मीठ आणि पहिल्या सुरात म्हटले तर सिगारेट. आमच्या विद्यार्थ्याने शब्द बरोबर उच्चारला होता, पण आवाज चढविण्याऐवजी सपाट ठेवला. दुकानदाराने मागितले तेच दिले होते.

यावरून घेण्याचा बोध असा की, सूर हा शब्दावर मागाहून चढविलेला अलंकार नव्हे, तो शब्दाचा भागच आहे. नवा शब्द लिहिताना त्याच्यापुढे सुराचा अंक लिहावा आणि अंकासह तो पाठ करावा.

व्यवहाराची दहा वाक्ये

खालील वाक्ये पहिल्या पंधरवड्यात मुखोद्गत करावीत. अक्षरापुढील अंक सुराचा आहे. जेथे अंक नाही, तेथे उच्चार हलका करावा.

१. छिंग३ वन४ : जरा विचारू का?
२. तुओ१ शाओ छ्येन२? : किती पैसे?
३. च४ श४ शन२-म? : हे काय आहे?
४. च४-क त्सन३-म श्वो१? : ह्याला काय म्हणतात?
५. वो३ थिंग१ पू तुंग३ : मला बोलणे समजले नाही.
६. छिंग३ त्साइ४ श्वो१ ई२ प्येन४ : कृपया पुन्हा एकदा सांगा.
७. छिंग३ मान४ ई त्येन३ : जरा सावकाश.
८. वो३ याओ४ श्या४ छ१ : मला गाडीतून उतरायचे आहे.
९. वो३ श४ यिन४-तू४ रन२ : मी भारतीय आहे.
१०. श्ये४-श्य : आभारी आहे.

ह्यांतील चौथे ते सातवे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. त्यांच्या आधाराने समोरच्या प्रत्येक माणसाला शिक्षक करता येते. मीठ पुढे दिसत असताना त्याकडे बोट दाखवून चौथे वाक्य विचारले असते, तर दुकानदाराने स्वतःच 'येन२' म्हणून दाखविले असते.

बाजार, गाडी आणि शेजार

सराव कोठे करावा? पहिले ठिकाण भाजीबाजार. तेथे एक ते दहा अंक रोज कानावर पडतात : ई, अर, सान, स्स, वू, ल्यू, छी, पा, च्यू, श. दहानंतरची रचना आपल्यापेक्षा सोपी आहे. अकरा म्हणजे 'दहा-एक', वीस म्हणजे 'दोन-दहा' आणि पंचेचाळीस म्हणजे 'चार-दहा-पाच'. आपल्या एकोणतीस, एकोणचाळीससारखे निराळे शब्द पाठ करावे लागत नाहीत. मात्र चार आणि दहा यांतील फरक जपावा. चार म्हणजे 'स्स४', दहा म्हणजे 'श२'. दक्षिणेकडील अनेकांच्या बोलण्यात 'श'चा 'स' होत असल्याने हे दोन अंक जवळजवळ सारखे ऐकू येतात. बाजारात ही चूक पैशांची असते, औषधाच्या गोळ्या मोजताना ती जिवावरची ठरू शकते. शंका येताच बोटांनी खूण करून खात्री करावी. चिनी लोक एका हाताच्या खुणांनी दहापर्यंत मोजतात. सहा दाखविताना ते अंगठा आणि करंगळी ताठ ठेवतात.

भाव बहुधा 'चिन१' ह्या मापाने सांगितला जातो. एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम. तो किलोचा भाव समजून नवखे लोक फसतात. नाण्याचे पुस्तकी नाव युआन असले, तरी बाजारात 'ख्वाइ४' हाच शब्द ऐकू येईल. वस्तू मोजताना अंक आणि वस्तू यांच्यामध्ये एक गणकशब्द येतो. पुस्तकाला एक, कागदासारख्या सपाट वस्तूला दुसरा. आपणही मेथीची जुडी, कडब्याची पेंढी, माणसांचे जण आणि सामानाचे नग म्हणतोच. जेथे योग्य शब्द आठवणार नाही तेथे 'क' हा सर्वसाधारण गणकशब्द वापरावा, काम भागते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आज चीनमधील बाजारांत पैसे मोबाइलवरून चुकते होतात, भावही पडद्यावर दिसतो. एकही शब्द न बोलता महिनोन्महिने राहता येते. ही सोय विद्यार्थ्याच्या अभ्यासाची शत्रू आहे. पडदा पाहण्यापूर्वी भाव तोंडाने विचारावा, उत्तर कानाने समजून घ्यावे आणि मगच पडद्यावर ताळा पाहावा. भाषांतर करणारे यंत्र अडचणीच्या वेळी जरूर वापरावे, पण प्रयत्न करून झाल्यावर.

दुसरे ठिकाण बस. पुढील थांब्याचे नाव गाडीत पुकारले जाते. रोजच्या मार्गावरील थांबे कानाने ओळखण्याचा प्रयत्न केल्यास ठराविक शब्द, ठराविक सुरात, दररोज ऐकावयास मिळतात. चित्रलिपीचा आरंभही येथेच होतो. एक, दोन, तीन हे अंक म्हणजे अनुक्रमे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा. 'तोंड' म्हणजे चौकोन. झाडाचे चिन्ह दोनदा लिहिले की राई आणि तीनदा लिहिले की दाट अरण्य. रोज पाहण्यातील पाट्यांवरून दिवसाला दोन चिन्हे ओळखली, तरी वर्षाअखेर मोठा साठा होतो.

तिसरे आणि सर्वांत उत्तम ठिकाण शेजार. जुन्या पिढीतील माणूस भेटल्यावर 'छ१ ल मा?' असे विचारील. त्याचा अर्थ 'जेवलात का?' असा आहे. कोणी 'कुठे निघालात?' असेही विचारील. वऱ्हाडातील ओट्यावर बसलेले म्हातारबाबा हेच विचारतात. त्यात चौकशीपेक्षा आपुलकी अधिक असते, हे आपल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

नात्यांच्या शब्दांतही मराठी माणसाला घरच्यासारखे वाटेल. इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेले काका आणि मामा चिनीत आपल्याप्रमाणेच वेगळे आहेत. वडिलांचा धाकटा भाऊ 'शू१-शू', आईचा भाऊ 'च्यू४-च्यू', आत्या 'कू१-कू'. थोरला भाऊ 'कअ१-क', तर धाकटा 'ती४-ती'. 'मा१-मा' म्हणजे मात्र आई, मामा नव्हे. अनोळखी प्रौढ स्त्रीला 'आ१-यी२' म्हणजे मावशी, पुरुषाला 'शू१-शू' आणि वृद्धेला 'नाइ३-नाइ' म्हणजे आजी अशी हाक मारण्याची रीत आहे. गाडीचालकाला किंवा कारागिराला 'श१-फू' म्हणतात, आपण मिस्त्री म्हणतो तसे. उत्तरेकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना 'नी३' न म्हणता 'नीन२' हे आदरार्थी रूप वापरावे. योग्य हाक मारली की पुढच्या चुका माणसे पोटात घालतात.

वहीची शिस्त

केवळ बोलत राहिल्याने भाषा येत नाही, नोंदही हवी. आठवड्याला पाच वाक्ये निवडावीत. प्रत्येक वाक्य निदान तीन निरनिराळ्या माणसांशी खऱ्या कामासाठी वापरावे. रात्री वहीत तीन रकाने आखून आपण काय बोललो, समोरून काय ऐकू आले आणि चूक कोठे झाली, हे लिहावे. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या दिवशी नवे काही बोललोच नाही असे समजावे.

पुस्तकातील भाषा आणि कानावर येणारी बोली यांत अंतर असते, याचीही जाणीव ठेवावी. पुण्याची पुस्तकी मराठी शिकून आलेला परप्रांतीय 'मी करून राहिलो' हे घाटाखालचे वऱ्हाडी वाक्य ऐकून जसा थबकेल, तसा आपला विद्यार्थी सेचुआनच्या म्हातारीचे बोलणे ऐकून थबकतो. अशा वेळी सहावे आणि सातवे वाक्य संकोच न करता वापरावे.

रोहिणखेडचा तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात गेला. नंतरचे वर्षभर तो रोज तेथे काही ना काही तोंडाने मागून आणीत असे आणि दुकानदार त्याचे सूर दुरुस्त करीत असे. रुग्णालयात प्रथम उभा राहिला तेव्हा एका वृद्धेच्या पोटावर हलकेच हात ठेवून त्याने विचारले, 'च४-ली थंग२ मा?' येथे दुखते का? तिने मान हलविली, त्याचा हात धरून दोन बोटे खाली सरकविला आणि म्हणाली, 'च४-ली.' येथे. त्याने ते ऐकले आणि त्याला ते समजले. 'पू२ याओ४ प्हा४', म्हणजे 'घाबरू नका', हे वाक्यही तेव्हा आपोआप तोंडी आले, असे तो म्हणाला.

डॉ. कोटणिसांना चीनमधील लोक 'ख तीह्वा' ह्या चिनी नावाने ओळखतात. परक्या देशाने आपल्या माणसाला आपल्या भाषेतील नाव देऊन ते जपावे, हा सन्मान त्यांच्या सेवेचा आहे. ती सेवा रुग्णाच्या भाषेत बोलणाऱ्या डॉक्टराची होती, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सामानात पुस्तके, गरम कपडे आणि थोडा मसाला जरूर न्यावा, आणि त्यांच्यासोबत चारचौघांत चुकण्याची तयारीही न्यावी.